दत्तूजींच्या खालची रिकामी जागा

माझ्या पोटात काही राहत नाही, अशी माझी घरात ख्याती आहे. सून म्हणते, आईंना सांगणं म्हणजे पेपरात देणं. खरंच आहे ते. नणंदेच्या घरचं भांडण, शेजारच्या मुलीचं जमत आलेलं लग्न, कुणाचं दुखणं — मी सगळं सांगून टाकते आणि मग जीभ चावते. पण एक गोष्ट राहिली. एकच. नवऱ्याला माहीत नाही, मुलाला माहीत नाही, आणि ज्यांच्या छापखान्यात ती घडली त्या भाऊसाहेबांनाही शेवटपर्यंत कळली नाही. आज तुम्हाला लिहून सांगायला बसलेय — आणि बघा, पहिल्याच दमात नणंद, शेजारीण, सगळ्यांना मध्ये आणून बसवलं मी.

कॉम्प्युटरपासून सुरू करते. तिथून सोपं जाईल. तुम्हाला नाही, मला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपूरला महाल भागात एका बोळात भाऊसाहेबांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं, असलं काम. मी बी.ए. करून तिथं प्रूफं वाचायला लागले होते. लग्न व्हायचं होतं. आणि एक दिवस भाऊसाहेबांनी कॉम्प्युटर आणला. डीटीपी! हा शब्दच बोळात कुणी ऐकला नव्हता. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे नाहीत, हात काळे करायचे नाहीत — पान पडद्यावर मांडायचं, अक्षर हवं तेवढं मोठं करायचं, आणि लेझर प्रिंटरमधून गरम गरम कागद बाहेर. त्याला वेगळी खोली, खोलीला एसी. चपला बाहेर काढून आत जायचं. भाऊसाहेबांनी मॉनिटरला कुंकू लावलं तेव्हा कंपनीचा इंजिनिअर घाबरलाच, काचेवर लावू नका म्हणाला. मग कडेला लावलं. ते पुढं कितीतरी दिवस मी पुसू दिलं नाही.

आणि ते चालवायचं कुणी? मी. इंजिनिअरनं आठवडाभर शिकवलं, आणि मला असं आलं ते, असं आलं — काय सांगू! रात्री झोपेत माझी बोटं चालायची म्हणे. माऊस धरून रेघ ओढली की पडद्यावर ती सरळ उमटायची, मला हसू फुटायचं. मे महिन्याच्या उन्हात लोक काहीतरी निमित्त काढून आत यायचे. अर्धे एसीसाठी, अर्धे मला बघायला — म्हणजे मशीन बघायला, पण चालवत मी होते ना? समोरचे पेंटरकाका, बोर्ड रंगवायचे, ते दारातूनच म्हणायचे, ‘काय वं, जमून राहिलं का तुया टीव्हीवर?’ मी म्हणायचे, ‘तुमचे ब्रश पाण्यात घालून ठेवा काका, वाळतील.’ फार चढले होते मी. कबूल करायला बसलेच आहे तर हेही कबूल.

पुढच्या वर्षी थंडी संपता संपता बापूराव गुरुजी आले. पारशिवनीचे. निवृत्त शिक्षक, पांढरा पायजमा-शर्ट, खांद्यावर दुपट्टा, हातात पिशवी. पिशवीत माझ्यासाठी ओला हरभरा — मी कोण तेही माहीत नव्हतं, पण जिथं जायचं तिथं काही न्यायचं, एवढं त्यांना माहीत होतं. त्यांना त्यांच्या कुळाची वंशावळ करून हवी होती. शेतकरी कुळ, मोठं, पाच-सहा गावांत पसरलेलं. अक्षय तृतीयेला, पितरांना जेवू घालायच्या दिवशी, सगळं कुळ पारशिवनीला गोळा व्हायचं होतं, आणि तिथं भिंतीएवढं झाड उभं करायचं होतं. मूळ पुरुषापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत, सगळे. पेंटरकाका म्हणाले, मी रंगवून देतो, असले मी किती केले. भाऊसाहेब म्हणाले, नाही, हे कॉम्प्युटरवर होणार. आणि माझ्याकडे पाहिलं. मी लगेच हो म्हणाले. जमेल की नाही याचा विचारही केला नाही.

आता जरा मशीनचं ऐका, कारण माझी चूक तिथंच आहे. त्या सॉफ्टवेअरला पानाची हद्द होती. वर्तमानपत्राच्या एका पानाएवढं — बस, त्याच्यापुढं नाही. आणि वंशावळ हवी भिंतीएवढी. म्हणून मी युक्ती काढली. पान लहानच करायचं, नावं मुंगीएवढी ठेवायची, आणि छापताना कितीतरी पट मोठं करून तुकड्यातुकड्यांत कागदावर घ्यायचं. मग तुकडे कडेला कड लावून प्लायवूडवर चिकटवायचे. ही युक्ती मला सुचली त्या दिवशी मी जेवले नाही, इतकी खूश होते. पण पडद्यावर ते बघायचं कसं? मोठं करून बघायचं तर दुपटीपर्यंत. मशीन त्याच्यापुढं जायचंच नाही. दुपटीत नावं वाचता यायची, डोळे बारीक करून, पण पडद्यावर मावायची पाच-सहाच. बाप दिसला तर पोरगा दिसायचा नाही. रेघ वर जायची ती पडद्याबाहेर, कुणाकडे गेली काय कळणार? आणि पूर्ण पान बघावं तर सगळं झाड दिसायचं, पण एकही नाव नाही. नावांच्या जागी करड्या पट्ट्या. अक्षरं फार बारीक झाली की मशीन ती काढायचंच नाही, नुसती पट्टी काढून मोकळं व्हायचं.

गुरुजींनी पहिल्यांदा पूर्ण पान पाहिलं तेव्हा चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. ‘काहून वं पोरी, आमचे सारे पूर्वज पट्टेच झाले का?’

मी हसले. म्हटलं, गुरुजी, तुम्हाला पट्टे दिसतात, मशीनला नावं दिसतात. काळजी करू नका. — काय बोलणं ते! मला पट्टेच दिसत होते, त्यांच्याइतकेच.

गुरुजींनी काही लिहून आणलं नव्हतं. सगळं कुळ त्यांना पाठ होतं. एस.टी.नं यायचे, माझ्या शेजारी स्टुलावर बसायचे, एसीत कुडकुडत दुपट्टा कानाला गुंडाळायचे आणि एकेक फांदी सांगायचे. मी टाइप करायची. नाव सांगितलं की त्या माणसाचं काहीतरी सांगायचेच. हा पोहायचा फार. हा रुसून पेंचच्या जंगलात जाऊन बसला होता. बायकांची नावंही घाल म्हणाले, नवऱ्याच्या बाजूला, लहान अक्षरात का होईना. तेव्हा वंशावळीत बायकांना कोण विचारत होतं? मला ते दिवस फार आवडले. खरंच सांगते, त्या खोलीत मी इतकी आनंदात पुन्हा कधी नव्हते.

मग दत्तूजींची फांदी आली. दत्तूजी आणि किसनजी, दोघे भाऊ. किसनजी म्हणजे गुरुजींचे वडील. दत्तूजी तरुणपणीच वारले. मागं बायको, सरस्वतीबाई, आणि कडेवर एक मुलगा, वामन. किसनजींनी भावजयीला आणि पोराला आपल्या घरात ठेवलं, वाढवलं. गुरुजी आणि वामनराव एकाच ताटात जेवून मोठे झाले. हे सांगता सांगता गुरुजींनी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, ‘काकूले लोकं काय काय बोलले, तुले काय सांगू. तरुण बाई, दिराच्या घरात राहते. पोरगा कोणाचा, इथपर्यंत बोलले. तिनं ऐकून घेतलं सारं. आता ऐंशीच्या घरात आहे. म्हणून हे झाड करून राहिलो पोरी. एकदा साऱ्या कुळासमोर लागू दे. दत्तू काकाचा वामन.’

बघा, हे त्यांनी मला सांगितलं होतं. बाकी कुणाला नसेल सांगितलं, पण मला सांगितलं होतं. तीनशेच्या आसपास नावं होती त्या झाडात, आणि ते झाड एका नावासाठी होतं, हे मला माहीत होतं.

सगळं झालं तेव्हा गुरुजी तपासायला आले. प्रिंट काढून तपासणं परवडणारं नव्हतं, तेव्हा पडद्यावरच, दुपटीत. मी पान सरकवायची, ते काचेवर बोट ठेवून रेघेबरोबर चालायचे. रेघ पडद्याबाहेर गेली की बोट तिथंच थांबवून म्हणायचे, ‘चाल पुढं.’ मी सरकवायची, बोट पुन्हा चालायचं. आख्खं कुळ ते असं चालले. एकही चूक निघाली नाही. वामन दत्तूजींच्या खालीच होता. गुरुजी म्हणाले, ठीक आहे, छाप. बाहेर जाऊन भाऊसाहेबांनाही म्हणाले, मी सारं तपासलं. छापखान्याचा एक नियम असतो, तो मला खिळ्यांच्या काळापासून माहीत होता — गिऱ्हाइकानं ठीक म्हटलं की मजकुराला हात लावायचा नाही.

मी लावला.

का? काही कारण नव्हतं. गुरुजी गेल्यावर मी पूर्ण पान करून बघत बसले, आपलं काम बघत, आणि मला ते झाड एका बाजूला कललेलं वाटलं. किसनजींची फांदी दाटीवाटीची, त्यांच्या उजव्या अंगाला मोकळी जागा. सगळी पोरं जरा उजवीकडे सरकवली तर छान बसेल, असं वाटलं. दुपटीत एकेक नाव सरकवायचं म्हणजे दिवस गेला असता. म्हणून पूर्ण पानातच पट्ट्यांभोवती माऊसनं चौकट ओढली, सगळ्या एकदम धरल्या, सरकवल्या. वरची आडवी रेघ नव्यानं ओढली, सगळ्यांना जोडून. छान दिसलं. किती छान दिसलं! मी सेव्ह केलं आणि भाऊसाहेबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, व्वा. पट्ट्यांना व्वा म्हणाले ते, आणि मी खूश झाले. त्या चौकटीत कडेची एक पट्टी शेजारच्या फांदीतली आली होती, तिच्या रेघेसकट आणि खालच्या पोरांसकट. ती वामनची होती.

हे इथपर्यंत असतं तर मी कधीच सांगून टाकलं असतं. हात चुकला, कुणाचा चुकत नाही? पण थांबा.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी आम्ही तुकडे चिकटवायला घेतले. लकडगंजातून प्लायवूड आणि सागाच्या पट्ट्यांची फ्रेम आली होती. छापखान्याच्या अंगणात मांडव टाकून त्याखाली बोर्ड आडवा ठेवला. भाऊसाहेब खळ लावत होते, मी कडा जुळवत होते. सकाळची वेळ. बोळातली निम्मी माणसं गोळा झालेली, पेंटरकाकाही आले होते, हात मागे बांधून. एकेक तुकडा बसत गेला आणि झाड वर येत गेलं. आता नावं दिसत होती, ठळक, हातभरावरूनही वाचता येतील अशी, आणि झाडही दिसत होतं. दोन्ही एकदम, पहिल्यांदाच. लोक आपापसात बोलायला लागले, कुणीतरी टाळी वाजवली. पेंटरकाका वाकून बघत म्हणाले, ‘हे माह्याच्यानं झालं नसतं वं, खरं सांगतो.’ तुम्हाला कळतंय का मला काय वाटलं असेल? महालातली चोवीस वर्षांची मुलगी मी, आणि तो माणूस आयुष्यभर अक्षरं रंगवत आलेला.

आणि त्याच क्षणी मी पाहिलं. दत्तूजी, बाजूला लहान अक्षरात सरस्वती, आणि खाली काही नाही. कोरा कागद. दत्तूजी निर्वंश. वामन तिकडे, किसनजींच्या पोरांच्या रांगेत, सगळ्यांत पहिला. रेघ अगदी सरळ, ठसठशीत, मीच ओढलेली.

आणि मी काय केलं? कडेची हवा जाण्यासाठी त्या तुकड्यावरून हात फिरवला, दाबून बसवला, आणि पुढचा तुकडा मागितला.

वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगत आले इतकी वर्षं. वेळ होता. टेम्पो दुसऱ्या दिवशी पहाटे यायचा होता. ती जागा तीन-चार तुकड्यांची, नव्यानं छापून वरून चिकटवली असती तर संध्याकाळपर्यंत झालं असतं. फक्त तिथं, त्या सगळ्यांसमोर, म्हणावं लागलं असतं की थांबा, चुकलं. भाऊसाहेबांनी विचारलं असतं, तपासून झालं होतं ना? मग? पेंटरकाकांनी ऐकलं असतं. मला ते ‘व्वा’ परत द्यायचं नव्हतं. एवढंच होतं. आणि मनात म्हटलं, एवढ्या नावांत एक नाव कोण बघतंय?

मूर्ख होते मी. वंशावळीत माणूस आधी काय शोधतो? आपलं नाव. मला तेवढंही कळलं नाही.

पारशिवनीला भाऊसाहेबांबरोबर मीही गेले. मीच केलेलं ना, मला मिरवायचं होतं. घरासमोर मोठा मांडव, चुलाणं पेटलेली, बुंदीचा वास, पोरांचा गोंधळ. किती माणसं! आणि गंमत म्हणजे मी सगळ्यांना नावानं ओळखत होते, चेहऱ्यानं कुणालाच नाही. कुणी म्हणालं, हा गणपत, की मला वाटायचं, अच्छा, पोहणाऱ्याचा नातू. गुरुजी नवा शर्ट घालून मांडवभर फिरत होते. मला पुढं नेऊन सगळ्यांना सांगत होते, ‘या पोरीनं केलं. मशीनवर केलं.’ सरस्वतीकाकूंना खुर्चीवर बसवलं होतं, बोर्डाच्या अगदी समोर, पहिल्या रांगेत. लहानखुरी बाई, नऊवारी, डोक्यावर पदर. तिच्याच हातानं पडद्याची दोरी ओढवली गुरुजींनी.

आणि मग जे झालं ना — आधीचं सांगते, ते सुंदर होतं. सगळे बोर्डाकडे धावले. बोटं नाचायला लागली. हा मी! हा आमचा बाप! अगं तुझंही नाव आहे वं, बघ! बायका तर वेड्या झाल्या होत्या, एकमेकींना धरधरून नावं दाखवत होत्या. एक म्हातारा आपल्या मेलेल्या पोराच्या नावावर हात ठेवून नुसता उभा होता. मी वामनचं विसरलेसुद्धा. हो, विसरले, दोन-चार मिनिटं अगदी विसरून गेले.

वामनराव शांत माणूस, गर्दी ओसरल्यावर पुढं आले. दत्तूजींकडे पाहिलं. खाली पाहिलं. मग ते शोधायला लागले, आणि त्यांचं बोट किसनजींच्या खाली जाऊन थांबलं. मागचे हळूहळू गप्प होत गेले. काकूंना वाचता येत नव्हतं. त्या खुर्चीतूनच विचारत होत्या, ‘माहा वामन कुठं आहे? दाखवा ना कोणी मले.’ कुणी दाखवलं नाही. त्यांनी दोनदा-तीनदा विचारलं आणि मग त्यांचाही आवाज थांबला. सगळे गप्प का झाले, हे त्यांना कळलं होतं. आयुष्यभर त्यांच्यासमोर लोक असेच गप्प होत आले होते.

वामनराव गुरुजींकडे वळले. ‘बापू, हे तूच तपासलं होतं ना?’

गुरुजी बोर्डाजवळ गेले. रेघेवर बोट ठेवून वर गेले, खाली आले. पुन्हा गेले. मग माझ्याकडे पाहिलं — रागानं नाही, काहीतरी सापडेल अशा आशेनं — आणि म्हणाले, ‘पोरी, मी असंच सांगतलं होतं का तुले?’

माझ्या शेजारी भाऊसाहेब उभे होते. सगळं कुळ माझ्याकडे बघत होतं.

मी म्हटलं, ‘हो. तुम्ही सांगितलं तसंच टाइप केलं मी.’

झालं. हीच ती गोष्ट. लिहिताना वाटलं होतं, इथं आल्यावर हात अडेल. अडला नाही, तेव्हाही जीभ अडली नव्हती. किती सहज निघालं ते तोंडातून.

वामनराव आईला उठवून घेऊन गेले. पितरांना घास घालायच्या दिवशी, भरलेल्या पत्रावळी सोडून. मांडवात कुजबुज सुरू झाली आणि मला ती तुकड्यातुकड्यांत ऐकू येत होती. बापूनं बापाचं पाप साऱ्यांसमोर लावलं म्हणे. जमिनीच्या हिश्शासाठी असेल. नाही, तोंडून खरं निघून गेलं असेल. गुरुजी बोर्डासमोर तसेच उभे होते, मघाच्याच जागी. भाऊसाहेब म्हणाले, चल, आपलं काम झालं. आम्ही परत आलो.

आणि त्या कामानं आमचं नाव झालं, हे सांगायला नको का? झालं. रामटेकहून, काटोलहून, कुठून कुठून माणसं वंशावळी करायला यायला लागली. मला हाताखाली एक मुलगी मिळाली. तिला मी पहिल्याच दिवशी शिकवलं, पूर्ण पानात कधी काही सरकवायचं नाही. तिनं विचारलं, का? मी म्हटलं, नियम आहे.

पावसाळ्यात एकदा गुरुजी छापखान्यात आले. मी काचेतून पाहिलं. ते आत आले नाहीत. चपला काढायच्या जागी बाकावर बसून भाऊसाहेबांशी बोलत होते. मी मान खाली घालून टाइप करत राहिले — काय टाइप करत होते कुणास ठाऊक, पडद्यावर नुसती अक्षरं उमटत होती. ते गेल्यावर भाऊसाहेब आत आले. ‘गुरुजी विचारून राहिले होते, मशीन आपल्या मनानं नाव सरकवते का कधी. मी म्हटलं, मशीनले काय पडलंय? तर म्हणते, मंग माह्याच तोंडून गेलं असेल.’

माह्याच तोंडून गेलं असेल. कळतंय ना तुम्हाला? तो माणूस स्वतःवर संशय घ्यायला लागला होता. तीनशे नावं पाठ असलेला माणूस. आपल्याच मनात लहानपणापासून तसलं काही होतं की काय, आणि ते बोलता बोलता बाहेर पडलं की काय, असं त्याला वाटायला लागलं होतं. मी तेव्हा उठून धावले असते तर ते एस.टी. स्टँडच्या रस्त्यावर भेटले असते. मी भाऊसाहेबांना म्हटलं, चहा सांगता का?

पुढं दोन-एक वर्षांनी सरस्वतीकाकू गेल्या. तेरवीची पत्रिका करायला वामनराव आले — आमच्याकडेच, कारण आता सगळे आमच्याकडेच यायचे. माझ्या शेजारी त्याच स्टुलावर बसले. मी टाइप करत होते, ते सांगत होते. कै. सरस्वतीबाई, दत्तूजींच्या पत्नी — दत्तूजी हे नाव त्यांनी दोनदा सांगितलं, मी लिहिलं तरी सांगितलं. खाली शोकाकुल म्हणून घरच्यांची नावं. मुलगा, सून, नातवंडं, पुतणे. पुतण्यांत गुरुजींचं नाव नव्हतं. मी थांबले. त्यांना कळलं मी का थांबले ते. म्हणाले, खांदा द्यायला आला होता, मी देऊ दिला नाही. फाटकाबाहेर उभा राहिला, तिथूनच गेला परत.

खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेर प्रेस चालू होती, आतलं कुणाला ऐकू गेलं नसतं. काकू गेलेल्या, पण हे दोघे भाऊ जिवंत होते. एक वाक्य पुरलं असतं.

वामनराव पडद्याकडे वाकले, नावं एकेक करून वाचली आणि म्हणाले, ‘नीट पाहून घ्या बाई. मागच्या वेळी त्यानं तुम्हाले चुकीचं सांगतलं होतं.’

ते विचारत नव्हते. मला उत्तर द्यायची गरजही नव्हती.

मी म्हणाले, ‘हो.’